समुद्रातली खाजकुयली

तुमच्या ताटात पापलेट येतं, तेव्हा मरण्याआधी ते स्वतः काय जेवलं होतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

बहुतेक नसेल पडला. मला मात्र त्याच प्रश्नाचा पगार मिळायचा. समुद्री मासळीचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी काही वर्षं कंत्राटी प्रयोगशाळा सहायक होते. पदाचं नाव भारदस्त, काम साधं. बंदरावरून मासे आणायचे, पोट चिरायचं, जठर बाहेर काढायचं आणि आत जे असेल ते काचेच्या बशीत पसरून ओळखायचं. कोण कोणाला खातं हे कळल्याशिवाय समुद्रात काय चाललंय ते कळत नाही, म्हणून हा खटाटोप. माझी काकू पाहुण्यांना सांगायची, "आमची वनिता माशांचा पोस्टमार्टम करते." त्यावर एका पाहुण्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, मग केस कोणावर होते? मी तेव्हा हसले. पुढे एका केसमध्ये खरंच उभं राहावं लागलं. तीच सांगायला बसले आहे.

मी शहापूर तालुक्यातली, शेणव्याच्या पुढच्या डोंगरातल्या एका गावाची. आमच्याकडे समुद्र येतो तो सुका होऊन, गोणीतून. बोंबील, सुकट आणि जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी. आगोटीच्या आधी, म्हणजे पाऊस लागण्यापूर्वी, घरोघरी त्याची बेगमी होते. लावणीच्या दिवसांत भाजी नसते, बाजारात जायला सवड नसते, तेव्हा चुलीवर मूठभर जवळा आणि भात, एवढ्यावर घर चालतं. शहरातल्या लोकांना सुकट ही चवीची गोष्ट वाटते. आमच्याकडे तो पावसाळ्याचा आधार आहे.

आमच्या घरात पुस्तकं जवळजवळ नव्हती, पत्रकं होती. बाबा संघटनेचं काम करायचे. वनहक्क, रोजगार हमी, धरणाच्या काठावर राहून कोरडे पडलेले हंडे, या सगळ्यावर ते पत्रकं काढायचे आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर ठेवायचे. मी वाचायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' पासून. भाषा तिथे मिळाली, राग पण तिथेच मिळाला. मात्र बाबांचा एक दंडक होता. पत्रकात कोणाचं नाव घालायचं असेल, तर आधी त्या माणसाच्या दारात जाऊन यायचं. तो सावकाराचा माणूस असो की वनखात्याचा. त्याचं म्हणणं ऐकायचं, मग घरी येऊन हवं तितकं कडक लिहायचं. यामुळे कितीतरी पत्रकं उशिरा निघाली आणि काही निघालीच नाहीत. कार्यकर्ते चिडायचे. बाबा बदलले नाहीत.

आता माझ्या कामातली गंमत सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माशाच्या पोटात सगळं सारखं टिकत नाही. खवले टिकतात, काटे टिकतात, कोळंबीचे डोळे तर मिरीच्या दाण्यांसारखे शेवटपर्यंत राहतात. पण जेलीफिश टिकत नाही. तुम्ही ती किनाऱ्यावर पडलेली पाहिली असेल, पारदर्शक थलथलीत गोळा. तिच्यात मुळात पाणीच फार. पोटात गेली की थोड्याच वेळात तिचं पाणी होतं. त्यामुळे अनेक वर्षं जगभरातल्या अभ्यासकांनी पोटं तपासली आणि निष्कर्ष काढला, की जेलीफिश कोणी खात नाही. ती समुद्राच्या अन्नसाखळीतली बंद गल्ली आहे. ती बारीक जीव खाते, माशांची अंडी खाते, नुकती फुटलेली पिल्लं खाते आणि तिच्यावर कोणाचं पोट भरत नाही. नुसती खाणारी, कोणाच्या उपयोगी न पडणारी.

आमच्या विभागाच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, की पोटात काही सापडलं नाही म्हणजे काही खाल्लं नाही असं धरायचं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो बुळबुळीत लगदा पुन्हा बघ. आणि तिथे त्या दिसल्या. डंखपेशी. जेलीफिशच्या लांब धाग्यांवर या बारीक कुप्या हजारोंनी असतात. प्रत्येक कुपीत गुंडाळी करून ठेवलेली एक सुई असते. काही लागलं, चोळलं गेलं, गोडं पाणी लागलं, की सुई सुटते आणि विष टोचते. अंग विरघळतं, या कुप्यांपैकी काही मागे राहतात. त्या सापडल्या की समजायचं, हा मासा जेलीफिश खाऊन आलाय.

मग मी पाहत गेले. पापलेट जेलीफिश खातं. चवीने खातं म्हणा ना. समुद्री कासव खातं. दुसऱ्या कितीतरी माशांची पिल्लं त्याच जेलीफिशच्या छत्रीखाली लपून मोठी होतात, कारण त्या धाग्यांच्या भीतीने मोठा मासा जवळ येत नाही. ती मेली की तळाला जाते आणि खेकडे तिच्यावर जमतात. ज्या बाईला सगळ्यांनी खादाड आणि निरुपयोगी ठरवलं, तिच्या आधाराने अर्धं गाव जगत होतं. फक्त पुरावा उरत नव्हता, म्हणून नोंद नव्हती. मला हे कळलं तेव्हा समुद्राइतकीच आमच्या डोंगरातली माणसं आठवली. असो, तो विषय वेगळ्या पत्रकाचा.

एकदा संस्थेत एक गृहस्थ आले. किनाऱ्यावर त्यांचं हॉटेल होतं. पाहुणे पाण्यात उतरले की जेलीफिश चावतात, धंदा बसतोय, अशी तक्रार. त्यांनी मॅडमना अगदी नम्रपणे विचारलं, की एकदाच काहीतरी औषध मारून हा प्रकार संपवता येणार नाही का? मॅडमनी विचारलं, तुमच्या हॉटेलात सगळ्यात जास्त काय खपतं? ते अभिमानाने म्हणाले, पापलेट फ्राय. मॅडमनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, यांना पापलेटचं पोट दाखव. ते गृहस्थ बराच वेळ काचेला डोळा लावून बसले. जाताना म्हणाले, मग निदान थोडे कमी करता येतील का?

थोडे कमी. यातच सगळं आलं. कारण आपण उलटं केलंय. जे मासे जेलीफिशबरोबर त्याच बारीक जीवांवर जगतात, ते आपण जाळी घालून उपसून काढले. जे तिला खातात, तेही काढले. शहराची गटारं समुद्रात सोडली. पाणी तापतंय. कशाचा वाटा किती यावर जाणकार अजून वाद घालतात आणि त्यांनी घालावा. पण ताट रिकामं कोणी केलं हे विचारायला वाद संपायची वाट पाहायची गरज नाही. रिकाम्या ताटावर ती येऊन बसली. यात तिचा गुन्हा काय?

आता केस.

मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला एक आठवडी बाजार भरतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत आणि मला त्यांच्यावर कायमचा शिक्का मारायचा नाही. त्या बाजारात पारूमावशी सुकं विकायला बसायची. ती आमच्या बाजूची, आमच्या शेजारच्या गावातली. माझ्या लहानपणापासून ती उन्हाळ्यात किनाऱ्यावर जाऊन जवळ्याच्या गोणी आणते आणि शहापूर-मुरबाडच्या बाजारांतून विकते. बोलायला फटकळ, हाताला सढळ. "घासाघीस कराची तं माज्या मागं कराची, तोंडावर नाय," असं गिऱ्हाइकाला सुनवायची आणि वर मूठभर जास्त टाकायची.

त्या वर्षी आगोटीच्या तोंडावर तिच्याकडून जवळा नेलेल्या बायकांच्या हातांना आग सुटली. आमच्या डोंगराकडे जवळा आधी पातेल्यात पाण्यात भिजवतात आणि दोन्ही हातांनी चोळून धुतात. वाळवणाची वाळू जावी म्हणून. किनाऱ्यावरच्या बायका तसं करत नाहीत, त्या आधी कोरडा भाजतात, पाखडतात. आमच्याकडे चोळण्याची रीत. तर चोळणाऱ्या हातांवर लाल चट्टे उठले. सुनंदा नावाची एक तरुण सून जवळा धूत असताना तिच्या लहान मुलीने पातेल्यात हात घातला आणि तोच हात डोळ्याला लावला. पोरीचा डोळा सुजून बंद झाला.

डोंगरात राहणाऱ्या माणसाला अशी आग कशाने होते ते पाठ असतं. खाजकुयली. रानातली वेल, शेंगांवर सोनेरी लव, अंगाला लागली की माणूस नाचतो. त्यावर उपायही ठरलेला: शेण लावायचं, चोळायचं, पाण्याने धुवायचं, पुन्हा लावायचं. सुनंदाने आणि तिच्या सासूने तेच केलं. आग कमी व्हायच्या ऐवजी वाढली. पोरीच्या गालापर्यंत चट्टे गेले. मग दवाखाना.

आणि मग निवाडा झाला. मागच्या बाजाराला सुनंदाच्या सासूची आणि पारूमावशीची मापावरून बोलाचाली झाली होती. त्याचा सूड म्हणून हिने जवळ्यात खाजकुयली मिसळली. तिथल्या तरुण मंडळाच्या केतनने मोबाइलवर मजकूर तयार केला. सावधान, विषारी जवळा, या बाईपासून लांब राहा, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. वर पारूमावशीचा हिरव्या लुगड्यातला फोटो. बाजारात तिला गोणी उघडू दिली नाही. तिची जागा म्हणजे वडाच्या पाराजवळची चार हात जमीन. ती काढून घेतली.

केतन गुंड नाही, हे इथेच सांगते. मुरबाडच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, माझ्यासारखाच. शहरात न खपलेला माल डोंगराच्या बाजारात येतो हे त्याने पाहिलंय, मीही पाहिलंय. त्याचा राग खरा होता. तो माझ्याच जातकुळीचा राग होता, म्हणूनच मला त्याची भीती वाटली. त्याने मला फोन केला. तुम्ही माशांच्या ऑफिसात आहात, आम्हाला एक कागद द्या, बाईवर केस करायची आहे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आधी बाईकडे जाते.

मी आटगाव स्टेशनला उतरून आधी घरी आणि तिथून पारूमावशीच्या दारात गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी कशाला आले हे तिला न सांगता कळलं. चहा ठेवला नाही. पहिल्यांदाच असं झालं.

"तूपन इचारायला आलीस काय गो?" ती म्हणाली. "इचार. मी खाजकुयली तोडताना माजे हात काय लाकडाचे व्हते?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. लव गोळा करून गोणीभर जवळ्यात मिसळणारी बाई स्वतः आठवडाभर खाजवत राहिली असती. हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग तिने मला या वर्षीच्या मालाबद्दल सांगितलं. किनाऱ्यावर जवळाच कमी होता. जाळ्यात जवळ्यापेक्षा त्या थलथलीत गोळ्यांचीच गर्दी. वाळवणाऱ्या बायका गोळे उचलून फेकत होत्या आणि राहिलेला जवळा पसरत होत्या. नेहमी मालात निवड असते, या वर्षी निवडायला माल नव्हता. होतं ते घेतलं.

माझ्या मनात तिथेच शंका आली, पण शंका म्हणजे पुरावा नाही. मी तिच्या प्रत्येक गोणीतून वरचा, मधला आणि तळाचा जवळा वेगवेगळ्या पिशव्यांत घेतला. सुनंदाच्या घरी गेले. सासू दारात आडवी उभी राहिली, सुनंदाने मात्र डब्यात उरलेला जवळा मुकाट्याने काढून दिला. मुलगी आत झोपली होती. परत येताना आमच्या कुंपणावरच्या खाजकुयलीची एक वाळकी शेंगही चिमट्याने तोडून डबीत घातली. बाबांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

मॅडमनी सगळं ऐकलं आणि एकच गोष्ट सांगितली: तुला जे सापडावंसं वाटतंय तेवढंच शोधू नकोस, दोन्ही शोध. खाजकुयलीची लव सूक्ष्मदर्शकाखाली सरळ काट्यासारखी दिसते, टोकाकडे बारीक आकडे असलेली. आधी शेंगेची लव पाहून डोळ्यात भरून घेतली. मग पिशव्या एकेक करून तपासल्या. लव एकाही पिशवीत नव्हती. पण जवळ्याच्या मिशांमध्ये गुंतलेले, वाळून केसासारखे झालेले धागे होते. एका धाग्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि पाहत राहिले. कुप्या होत्या. किनाऱ्यावरच्या उन्हात कडकडीत वाळून, गोणीत दाबून, टेम्पोने घाटाखालपर्यंत येऊन त्यांतल्या काही अजून जिवंत असल्यासारख्या भरलेल्या होत्या. मी पाहत असतानाच एकीची सुई सुटली.

म्हणजे पातेल्यात जे झालं ते असं झालं. गोडं पाणी घातलं, त्याने सुया सुटल्या. हाताने चोळलं, आणखी सुटल्या. मग अंगावर चिकटलेल्यांवर शेण चोळलं, पुन्हा पाणी ओतलं. रानातल्या खाजेचा उपाय समुद्रातल्या खाजेला केला आणि प्रत्येक वेळी आगीत भर पडली. मायेनेच केलं सगळं.

पुढच्या बाजाराला मी गेले. मे महिन्याची सुट्टी असल्याने जवळच्या एका गुरुजींनी शाळेचं कुलूप उघडून तिथला सूक्ष्मदर्शक दिला. ताडपत्रीच्या सावलीत टेबल मांडलं. केतन, मंडळाची पोरं, चार जाणते, सुनंदा आणि तिची सासू. पारूमावशीला मी सोबत आणलं होतं. ती तिच्या जागेवर बसली नाही. टेबलापासून लांब, रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मी समजवायला सुरुवात केली तशी केतनने मला थांबवलं. "ताई, आमच्याकडं टाइम नाय. इष हाय का नाय, एवढाच सांगा."

"आहे," मी म्हटलं. "पण ते कोणी घातलेलं नाही."

पोरं हसली. एकाने विचारलं, मग काय आपोआप उगवला? मी म्हटलं, हो, समुद्रात उगवलं. आणि डबी उघडून एका काचेवर शेंगेची लव, दुसऱ्या काचेवर जवळ्यातला धागा ठेवला. आधी जाणत्यांनी पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही, पण दिसलं असं म्हणाले. केतनने पाहिलं, दोनदा पाहिलं. मग सुनंदा पुढे आली. पदर खोचून तिने काचेला डोळा लावला, तो बराच वेळ काढला नाही. मी तिला हळूहळू सांगत होते, ही कुपी, ही सुई, पाणी लागलं की सुटते.

"समुद्रातली खाजकुयली म्हन की," ती म्हणाली. मग, कोणाकडे न बघता, "मंग आमी शेन लावत व्हतो, पानी वतत व्हतो, ता..."

सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असायचं कारणच नव्हतं, समुद्र इथून किती लांब. ते खरं होतं आणि त्याने कोणाचं समाधान झालं नाही. मुलीचा डोळा पुढे बरा झाला, हे वाचकांना सांगून ठेवते.

पारूमावशीला मी हाक मारली. ये, तूही बघ. ती जागची हलली नाही.

"मना नको दाखवू," ती म्हणाली. "तेंना सांग, मोठ्यान सांग, का पारून घातला नाय."

मी मोठ्याने सांगितलं. मग ती केतनकडे वळली. "तू पन सांग रे. मोबाइलवर सांगलास तसा सगल्यांना सांग."

केतनने मान हलवली. त्याने खरंच नवा मजकूर लिहिला, माझ्यासमोर लिहिला. सदर विक्रेत्या महिलेचा दोष नाही, जवळ्यात समुद्रातल्या जेलीफिशचे धागे होते, गैरसमज झाला, मंडळ दिलगीर आहे. चांगला मजकूर होता. त्याला तो लिहिताना त्रास झाला हेही मी पाहिलं. तो त्याने त्याच ग्रुपवर टाकला. तिथे हात जोडलेली काही चित्रं आली. आणि तो तिथेच राहिला.

पहिला मजकूर मात्र थांबला नव्हता. तो शहापूरला पोचला, किन्हवलीला पोचला, वासिंदला माझ्या मावशीच्या फोनवर आला. महिन्याभराने तो मलाच आला, संस्थेतल्या एका सहकाऱ्याकडून, 'तुमच्या भागातलं दिसतंय' अशा ओळीसह. फोटो तोच. मजकुराला कोणीतरी नवी वाक्यं जोडली होती. एका लहान मुलीची दृष्टी गेली, असं त्यात होतं. सुनंदाची पोरगी अंगणात पळत होती आणि मोबाइलमध्ये ती आंधळी झाली होती.

बाबांचं पत्रक गावात वाटलं जायचं ते हातातून हातात. चुकलं तर ज्याला दिलं त्याच्या दारात परत जाता यायचं. ह्या मजकुराला दार नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे, लिहिलेल्या शब्दाने अन्याय हटतो यावर माझा विश्वास आहे आणि तो मी सोडलेला नाही. पण त्याच शब्दाने एका बाईची चार हात जागा कशी गिळली हे मी बसून पाहिलं.

पारूमावशीला बाजाराने परत बस म्हटलं होतं. ती बसली नाही. मला वाटलं, मानी बाई आहे, रागावली असेल. पंधरवड्याने तिच्याकडे गेले, तर परसात ओळीने माती उकरलेली. सगळ्या गोणी तिने पुरल्या होत्या.

मी म्हटलं, मावशी, कोरडा भाजला असता तर चालला असता कदाचित. मॅडमना विचारून सांगितलं असतं.

"कदाचित," ती म्हणाली. "आनि कोना पोराच्या तोंडाला लागला असता मंग? माज्या हातून इष नाय गेला, ता तू सांगलास. आता माज्या हातून जाईल, ता मना कलल्यावर?"

तिने मला त्या दिवशी चहा दिला. दूध नव्हतं, कोरा दिला. निर्दोष ठरलेली बाई स्वतःच्या हाताने आपला हंगाम मातीत घालते, याला माझ्याकडे घोषणा नव्हती.

तो पावसाळा त्या बाजूच्या पाड्यांवर जवळ्याशिवाय गेला. लोकांनी रानातली करटोली शोधली, शेवळाची भाजी उकडली, नुसत्या मिठाशी भात खाल्ला. पुढच्या आगोटीला पारूमावशी किनाऱ्यावर जाऊन चांगला, निवडलेला माल घेऊन आली. मी स्वतः तपासला, एक धागा नव्हता. दुसऱ्या एका बाजारात ती बसली, आणि एका गिऱ्हाइकाने मोबाइल काढून तिच्या चेहऱ्यासमोर धरला. फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. निघून गेला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकाही गेल्या. आता ती लावणीला दुसऱ्यांच्या शेतात जाते. माझं कंत्राटही या वर्षी संपलं. माशांची पोटं दुसरं कोणी चिरत असेल, चांगलं चिरत असेल अशी आशा करते. समुद्राबद्दल मला जे कळलं ते त्या बशीत कळलं. उशिरा पोचलेल्या खऱ्या गोष्टीचं वजन किती कमी असतं, ते मात्र बाजारात कळलं.

पण मी रडगाणं लिहायला बसलेली नाही. आगोट दर वर्षी येते आणि जेलीफिश या वर्षीही येणार आहेत. म्हणून दोन कामं सांगते. जवळा घरी आणाल तर ओला करण्याआधी पसरून बघा, केसासारखे धागे दिसले तर तो खाऊ नका. हाताला आग सुटलीच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, दवाखाना गाठा. हे आपल्या डोंगराकडच्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचवा.

दुसरं काम अवघड आहे. तुमचा मोबाइल आता उघडा. 'विषारी जवळा' असे शब्द टाकून शोधा. हिरव्या लुगड्यातल्या एका बाईचा फोटो निघाला, तर तो मजकूर नुसता पुसून मोकळे होऊ नका. तो तुम्हाला ज्याने पाठवला त्याला फोन लावा आणि सांगा, की या बाईने काही घातलं नव्हतं. मग त्याला विचारा, तुला कोणी पाठवला होता. आणि त्यालाही फोन लावायला सांगा.